आवारांतील जास्वंद आणि शेतांतील कपाशी

घराच्या आवारांत एखादें मोठें फुलझाड असावें, अशी इच्छा बहुतेक प्रत्येक शेतकऱ्याच्या घरीं असते, आणि आपल्या वर्धा जिल्ह्यांत ती बहुधा जास्वंदीनें पुरी होते. गणपतीस तांबडें फूल लागतें, घरांतील बायकांस केसांच्या तेलासाठीं पानें-फुलें लागतात, आणि दाराशीं बारमाही हिरवें राहणारें पुरुष-दीड पुरुष उंचीचें झुडूप असलें म्हणजे घरासही शोभा येते. परंतु अलीकडे गांवोगांव एक प्रश्न विचारण्यांत येतो. जास्वंदीवर पांढरी, पीठ शिंपडल्यासारखी कीड येते. तशीच कीड शेतांत कपाशीवर दिसते. तेव्हां जास्वंद घरीं ठेवावी कीं उपटून टाकावी?

प्रस्तुत लेखकाची सारी नोकरी महसूल खात्यांत गेली. पीकपाहणीच्या व वसुलीच्या निमित्तानें जिल्ह्यांतील पुष्कळ गांवांचीं शेतें आणि आवारें पाहण्यांत आलीं. त्यांत दोन्ही प्रकार दृष्टीस पडले. कोठें जास्वंद लावली ती लावलीच. पुढें तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलें नाहीं, व ती किडीचें माहेरघर झाली. कोठें चांगलें जुनें, फुलांनीं लवलेलें झाड केवळ ऐकीव भीतीनें तोडण्यांत आलें. हे दोन्ही मार्ग चुकीचे आहेत. जास्वंद कशी लावावी, कशी राखावी, आणि कपाशीशीं तिचा संबंध नेमका काय आहे, हें या लेखांत क्रमानें सांगण्याचें योजिलें आहे.

कुळाची ओळख

जास्वंद, कपाशी, भेंडी, अंबाडी आणि बांधावर आपोआप उगवणारी पेटारी हीं सर्व एकाच कुळांतील झाडें आहेत. यास शास्त्राचें पुस्तक पाहण्याची गरज नाहीं. जास्वंदीचें, भेंडीचें व कपाशीचें एकेक फूल तोडून शेजारीं ठेवावें. तिन्हींच्या मध्यभागीं एक दांडी दिसेल. पुंकेसरांचे तंतू एकमेकांस चिकटून ही नळी झालेली असते व तिच्या पोटांतून स्त्रीकेसर वर आलेलें असतें. जास्वंदींत ती लांब असून पाकळ्यांच्या बाहेर येते. कपाशींत ती आंखूड राहते. एवढाच काय तो भेद. कूळ एक, म्हणून रसही पुष्कळसा सारखा, आणि रस सारखा म्हणून तो शोषणारे शत्रूही पुष्कळसे सारखेच. पुढील सर्व विवेचनाचें मूळ या एका गोष्टींत आहे.

जास्वंदीचें शास्त्रीय नांव लिनियस या स्वीडिश पंडितानें १७५३ मध्यें दिलें. त्याचा अर्थ 'चीन देशाचा गुलाब' असा होतो. परंतु ही जास्वंद रानांत आपोआप वाढलेली कोठें आढळत नाहीं. ती माणसानेंच बागेंत वाढविली आणि देशोदेशीं नेली. मलाया देशानें तर १९६० मध्यें तिला आपलें राष्ट्रीय फूल ठरविलें. आपल्याकडील जास्वंदीस बहुधा बीं धरत नाहीं. म्हणून ती फांदीपासूनच करावी लागते.

जातींचा विस्तार फार मोठा आहे, पण शेतकऱ्यास तो सारा लागत नाहीं. पांच पाकळ्यांची तांबडी एकेरी ही सर्वांत काटक. दुहेरी तांबडी तिच्या खालोखाल. पांढरी, गुलाबी व पिवळी या जरा नाजूक. कातरलेल्या पाकळ्यांची व झुंबरासारखी खालीं लोंबणारी जी जास्वंद असते, ती मूळची पूर्व आफ्रिकेंतील निराळी जात होय. रोपवाटिकांत वीतभर रुंद फुलांच्या संकरित जाती मिळतात. त्या पाहतांक्षणीं मोह पाडतात, परंतु आपल्या उन्हाळ्यांत त्यांस कुंडी, सांवली आणि नित्य निगा लागते. ज्यास आवारांत एक मोठें, वर्षानुवर्षें टिकणारें झाड हवें आहे, त्यानें तांबडी एकेरी किंवा दुहेरीच लावावी.

जागा व जमीन

जास्वंद आठ-दहा फूट उंच आणि पांच-सहा फूट रुंद सहज होते. म्हणून ती भिंतीपासून निदान पांच फूट दूर असावी. भिंतीलगत लावल्यास एक बाजू उघडी पडते, हवा खेळत नाहीं, व कीड लपून राहण्यास आडोसा मिळतो. कुंपणासाठीं ओळ लावावयाची असल्यास दोन झाडांत तीन फुटांचें अंतर पुरे.

फुलासाठीं ऊन हवें हें खरें. पण आपल्या जिल्ह्यांत वैशाखाचें दुपारचें ऊन हें कांहीं साधें ऊन नव्हे. मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या वर जाणें येथें नवलाचें नाहीं. घराच्या पूर्वेस किंवा ईशान्येस जागा असेल तर ती सर्वांत उत्तम. सकाळपासून दुपारपर्यंत ऊन लागतें आणि तिसरे प्रहरीं घराचीच सांवली पडते. पश्चिमेची जागाच वांट्यास आली असेल तर लिंबासारख्या झाडाची सांवली मिळेल असें पाहावें. मात्र लिंबाच्या बुंध्याशीं लावूं नये, कारण त्याचीं मुळें पाणी ओढून घेतात.

जमिनीचा विचार दोन भागांत केला पाहिजे. हिंगणघाट, समुद्रपूर या बाजूस खोल काळी जमीन. आर्वी, आष्टी, कारंजा या डोंगराळ बाजूस हलकी, मुरमाड. दोन्हींकडे एकच रीत लावून चालत नाहीं.

काळ्या जमिनींत लोक मोठा खड्डा खणतात, त्यांत रेती, मुरूम व खत भरतात, आणि मध्यें रोप लावतात. वरून पाहतां हें योग्य वाटतें. परंतु पावसाळ्यांत काय होतें तें पाहा. भोंवतालची चिकण काळी माती पाणी लवकर सोडीत नाहीं. मधली भुसभुशीत माती मात्र चोहोंकडचें पाणी ओढून घेते. खड्ड्याचा हौद होतो, मुळें त्यांत आठ-आठ दिवस बुडून राहतात, आणि श्रावणांत झाड एकाएकीं मलूल होऊन वाळतें. लोक म्हणतात, वाळवी लागली. वास्तविक तें पाण्यानें कुजलेलें असतें. म्हणून काळ्या जमिनींत खड्डा करण्यापेक्षां उंचवटा करावा. चार फूट व्यासाचा व भोंवतालच्या जमिनीपेक्षां एक फूट उंच असा मातीचा ओटा घालावा. त्याच जागेच्या मातींत तिसरा हिस्सा चांगलें कुजलेलें शेणखत मिसळावें. आणि रोप त्या ओट्याच्या माथ्यावर लावावें. वळचणीचें पाणी जेथें पडतें ती जागा टाळावी.

मुरमाड जमिनींत याच्या उलट. तेथें पाणी थांबतच नाहीं. म्हणून दोन फूट लांब, रुंद व खोल असा खड्डा उन्हाळ्यांत खणून तापूं द्यावा, आणि निम्मी काळी माती व निम्में शेणखत घालून तो भरावा. येथें ओटा न करितां खोलगट आळें ठेवावें.

कलम करणें व लावणें

जास्वंदीचें छाट कलम कोणासही करतां येतें. झाड निरोगी पाहून त्याची गेल्या वर्षींची, पेन्सिलीएवढी जाड, अर्धवट पक्की झालेली फांदी घ्यावी. कोवळा शेंडा कुजतो आणि जून लाकडास मुळें उशिरां फुटतात. सहा ते आठ इंच लांबीचे तुकडे करावे. प्रत्येकावर चार डोळे असावे. खालचा छेद डोळ्याच्या लगत खालीं तिरपा घ्यावा. खालचीं पानें काढून टाकावीं. वरचीं दोन ठेवावीं, व तींही मोठीं असल्यास निम्मीं कापावीं. रेती व खत समभाग घेऊन भरलेल्या पिशवींत दोन डोळे मातींत जातील असे तुकडे खोंचावे आणि सांवलींत ठेवावे. मृगाचा पाऊस पडल्यावर हें काम करावें; हवा दमट असल्यामुळें चार ते सहा आठवड्यांत मुळें धरतात. नवी पालवी दिसतांच लावण्याची घाई करूं नये. पुष्कळदां फांदींतल्या सांठ्यावरच पालवी फुटते आणि खालीं मूळ नसतें. पिशवीच्या बुडाशीं मुळें दिसूं लागलीं म्हणजे लावावें.

कलम कोणाच्या घरून आणावें, याचाही विचार हवा. फांदीबरोबर कीड व रोगही घरीं येतात. पंजाब, हरियाणा, राजस्थान या भागांत कपाशीवर पांढऱ्या माशीच्या योगें पसरणारा पानें वळण्याचा रोग आहे. तोच रोग चीन देशाच्या ग्वांगडोंग प्रांतांत २००६ च्या सुमारास आढळला, तो प्रथम जास्वंदीवर आढळला. म्हणून दूरदेशचें रोप केवळ फुलाच्या रंगाला भुलून आणूं नये. आणलेंच तर महिनाभर इतर झाडांपासून अलग ठेवून पानांची खालची बाजू तपासावी आणि मगच लावावें.

पाणी व खत

जास्वंदीच्या कळ्या उमलण्यापूर्वींच गळतात, ही तक्रार उन्हाळ्यांत घरोघर ऐकूं येते. याचें मुख्य कारण उष्णता आणि अनियमित पाणी. चार दिवस कोरडें ठेवून पांचव्या दिवशीं घागरीवर घागरी ओतल्या म्हणजे झाडास धक्का बसतो व तें आधीं कळ्या टाकतें. उन्हाळ्यांत जमीन पाहून दोन-तीन दिवसांनीं, हिवाळ्यांत आठवड्यानें, सकाळच्या वेळीं बेतशीर पाणी द्यावें. पावसाळ्यांत उघडीप लांबल्याखेरीज पाणी देऊंच नये. काळ्या जमिनीस उन्हाळ्यांत भेगा पडतात आणि त्या भेगांबरोबर बारीक मुळें तुटतात. यासाठीं आळ्यांत तुरीचें किंवा सोयाबीनचें कुटार चार बोटें जाड पसरावें. तें खोडास चिकटूं देऊं नये. वीतभर जागा मोकळी ठेवावी, म्हणजे वाळवी चढत नाहीं.

न्हाणीचें पाणी सांदवाडींतील झाडांस सोडण्याची आपल्याकडे पद्धत आहे. केळीस व अळवास तें मानवतें. जास्वंदीस मात्र किंचित आंबट जमीन आवडते, आणि आपली काळी जमीन आधींच चुनखडीची. तींत साबणाच्या पाण्याची भर पडली म्हणजे जमिनींतील लोह झाडास मिळेनासें होतें. याची खूण अशी कीं, शेंड्याकडचीं कोवळीं पानें पिवळीं पडतात, पण त्यांच्या शिरा हिरव्या राहतात. जुनीं, खालचीं पानें पिवळीं पडत असतील तर तें निराळें. तेथें बहुधा नत्राची उणीव किंवा पाण्याचा अतिरेक असतो. लोहाच्या उणिवेवर एक लिटर पाण्यांत पांच ग्रॅम हिराकस व एक ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळवून संध्याकाळीं पानांवर फवारावें, आणि पंधरा दिवसांनीं पुन्हा फवारावें. शेणखताचा भरपूर वापर हा याचा कायमचा उपाय होय.

खतासंबंधानें एक इशारा अवश्य दिला पाहिजे. पेरणीनंतर उरलेलें डी. ए. पी. मूठ-दोन मुठी जास्वंदीस टाकण्याची संवय पुष्कळांस असते. त्या खतांत स्फुरद फार असतें. जास्वंदीस स्फुरद थोडें पुरतें. तें जास्त झालें म्हणजे लोह व जस्त अडकून राहतें, आणि खत घालूनही झाड पिवळें पडतें. त्यापेक्षां मृगांत व दसऱ्यानंतर दोन-दोन टोपल्या शेणखत, आणि त्याबरोबर चुलींतील राख न घालतां थोडें पालाशयुक्त खत द्यावें. राख पालाश देते खरी, परंतु चुनखडीच्या जमिनीस ती आणखी खारवट करते.

तणनाशकाचा पंप घरच्या झाडांस कधींही वापरूं नये. टू-फोर-डी या औषधाचा नुसता अंश पंपांत राहिला असला तरी पऱ्हाटीचीं पानें बोटांसारखीं फाटून विद्रूप होतात, हें आपण शेतांत पाहिलेंच असेल. जास्वंद तिचीच नातलग आहे.

छाटणी

जास्वंदीचें फूल नव्या फुटीवर, पानाच्या बगलेंत येतें. जुन्या लाकडावर फूल येत नाहीं. म्हणून ज्या झाडास कात्री लागत नाहीं, तें वर वर वाढत जातें, खालीं उघडें पडतें, आणि फुलें शेंड्यावर हात पोंचणार नाहीं अशा ठिकाणीं येतात.

मोठी छाटणी माघांत, म्हणजे जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत करावी. प्रथम वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या व आंत वळलेल्या फांद्या बुडापासून काढाव्या. उरलेल्यांचा तिसरा हिस्सा कमी करावा. बाहेरच्या अंगास असलेल्या डोळ्याच्या वर पाव इंचावर छेद घ्यावा, म्हणजे नवी फूट बाहेर वळते आणि झुडूप मधून मोकळें राहतें. चैत्र-वैशाखांत कात्री लावूं नये. उघडें पडलेलें खोड उन्हानें भाजतें.

हलकी छाटणी जूनच्या पहिल्या आठवड्यांत करावी. छाटल्यापासून नव्या फुटीवर भरपूर फुलें येण्यास साधारण दोन ते तीन महिने लागतात. भाद्रपदांत गणपतीस फुलें हवीं असतील तर हा हिशेब ध्यानांत ठेवावा. आषाढांत उशिरां छाटलेल्या झाडावर गणेशचतुर्थीस नुसती पालवी असते. फूल एकच दिवस टिकतें. म्हणून तें सकाळीं तोडण्यांत झाडाचें कांहीं नुकसान नाहीं, आणि रोज फुलें तोडणाऱ्या हाताबरोबर डोळाही झाडावरून फिरतो, हा मोठाच लाभ आहे.

पिठ्या ढेकूण

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. जास्वंदीच्या शेंड्यांवर, कळ्यांच्या देठांवर व पानांच्या खालीं जी पांढरी कीड दिसते, तिला पिठ्या ढेकूण म्हणतात. त्याच्या जाती अनेक आहेत. त्यांपैकीं फेनाकॉकस सोलेनॉप्सिस ही मूळची उत्तर अमेरिकेंतील जात आपल्या देशांत कपाशीवर २००५ च्या सुमारास प्रकट झाली, आणि २००७ मध्यें पंजाबांत तिनें शेतेंच्या शेतें वाळविलीं. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनें त्या सुमारास देशांतील नऊ कापूस पिकविणाऱ्या राज्यांत पाहणी केली, तेव्हां सर्वत्र हीच जात प्रमुख असल्याचें आढळलें. बीटी वाणाचा तिच्यावर कांहीं उपयोग होत नाहीं, कारण त्यांतील विष अळीच्या पोटांत काम करतें. रस शोषणाऱ्या किडीस तें बाधत नाहीं.

ही कीड कशी जगते तें नीट समजलें म्हणजे उपाय आपोआप सुचतो. मादीस पंख नसतात. ती एका जागीं बसून रस शोषते व कित्येक शें पिलें देते. पिलें इतकीं लहान कीं डोळ्यास दिसत नाहींत. तीं वाऱ्यानें, पाण्यानें, बैलांच्या अंगास, माणसांच्या कपड्यांस, विळ्या-कात्रीस चिकटून दूर जातात. ढेकणांच्या अंगांतून गोड चिकट रस गळतो. त्यासाठीं मुंगळे येतात आणि त्याच्या मोबदल्यांत ढेकणांची राखण करितात. त्या चिकट रसावर काळी बुरशी चढून पानें काजळल्यासारखीं दिसतात. तेव्हां जास्वंदीच्या खोडावरून मुंगळ्यांची रांग चढतांना दिसली कीं, वर ढेकूण आहेत असें समजावें. पांढरें पीठ दिसेपर्यंत थांबूं नये.

आतां कपाशीशीं संबंध कसा येतो तो पाहा. फरदड न ठेवणाऱ्या शेतकऱ्याचें कपाशीचें शेत फेब्रुवारीपासून जूनपर्यंत मोकळें असतें. त्या चार-पांच महिन्यांत या किडीस हिरवा आधार हवा. तो तिला बांधावरील गाजर गवतावर, पेटारीवर, राखलेल्या फरदडीवर आणि आवारांत पाणी घालून हिरव्या ठेवलेल्या जास्वंदीवर मिळतो. मृगांत पेरणी झाली, अंकुर वर आले, कीं तेथून ती शेतांत उतरते. म्हणजे जास्वंद हें किडीचें मूळ नव्हे. तें उन्हाळा काढण्याच्या अनेक धर्मशाळांपैकीं एक आहे. बांधावरचें गाजर गवत तसेंच ठेवून घरची जास्वंद तोडणें म्हणजे चार दरवाजे उघडे टाकून खिडकीस कुलूप लावण्यासारखें आहे.

याच विचारानें दुसरी एक संवय सोडली पाहिजे. वेचणी संपल्यावर पऱ्हाटी उपटून जळणासाठीं आवारांत गंजी रचतात, व ती बहुधा कुंपणाशीं, म्हणजे जास्वंदीच्या शेजारींच असते. पऱ्हाटी वाळूं लागली कीं तिच्यावरील ढेकूण जवळच्या हिरव्या झाडाकडे वळतात. गुलाबी बोंडअळीचा तर खरा मुक्काम अशा पऱ्हाटीवरील न फुटलेल्या बोंडांत आणि सरकींत असतो. २०१७ मध्यें विदर्भांत तिनें जें नुकसान केलें तें कोणी विसरलेलें नाहीं. म्हणून गंजी आवारांत रचूंच नये. रचावी लागलीच तर किडकीं बोंडें जाळून टाकून, जास्वंदीपासून दूर रचावी आणि पावसाळ्यापूर्वीं संपवावी.

उपाय

पहिला उपाय हाताचा. महिन्यांतून दोनदां, आणि एप्रिल ते जून या काळांत दर आठवड्यास, शेंडे व पानांच्या खालच्या बाजू पाहाव्या. थोडी कीड असेल तर कापडाचा बोळा साबणाच्या पाण्यांत भिजवून पुसून काढावी. जास्त असेल तर शेंडे कापून थेट पिशवींत घालावे आणि जाळावे. ते उकिरड्यावर टाकूं नयेत. खताबरोबर कीड शेतांत जाते. कात्री साबणाच्या पाण्यानें धुवावी, आणि झाडाचें काम आटोपून त्याच कपड्यांनिशीं कपाशींत जाऊं नये.

दुसरा उपाय फवारणीचा. एक लिटर पाण्यांत पांच ग्रॅम साधा साबण किसून घालावा, त्यांत पांच मिलिलिटर निंबोळीचें तेल घोटून मिसळावें, आणि संध्याकाळीं पानांच्या खालून जोरानें फवारावें. प्रथम दोन-चार पानांवर फवारून पाहावें. पानें करपलीं नाहींत तर सर्व झाडावर मारावें. आठवड्याच्या अंतरानें तीन वेळां केल्यास मागाहून निघालेलीं पिलेंही मरतात. घरीं निंबोळ्या सांठविलेल्या असतील तर लिटरास पन्नास ग्रॅम कुटलेली निंबोळी रात्रभर भिजवून, गाळून तो अर्कही चालतो. शेतांतील कडक औषधें आवारांत फवारूं नयेत. २०१७ च्या पावसाळ्यांत शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन शेतकरी व मजूर दगावले. जेथें मुलें खेळतात, गाय बांधली जाते, आणि जेथील फूल देवास वाहिलें जातें व बायका केसांत माळतात, तेथें तीं औषधें नेण्याचें कांहीं कारण नाहीं.

तिसरा उपाय म्हणजे मित्रांस ओळखणें. एनॅसियस नांवाची एक इवलीशी गांधीलमाशी ढेकणाच्या अंगांत अंडें घालते व तिची अळी त्याला आंतून खाऊन टाकते. कपाशीवरील ढेकणांत ती २००८ च्या सुमारास आपल्या देशांत आढळली, आणि २००९ मध्यें कीटकशास्त्रज्ञ डॉ. बंबावाले यांच्या नांवावरून तिचें नामकरण झालें. ढेकणांचा पुढें जो जोर ओसरला, त्यांत या माशीचा मोठा वांटा आहे. तिनें मारलेला ढेकूण पांढरा राहत नाहीं. तो फुगून तपकिरी व टणक होतो. असे तपकिरी दाणे दिसले तर तीं पानें जाळूं नयेत, व त्या झाडावर कांहींही फवारूं नये. काम आपोआप चाललें आहे असें समजावें. दुसरा मित्र ऑस्ट्रेलियांतून १८९८ मध्यें आपल्या देशांत आणलेला क्रिप्टोलीमस नांवाचा भुंगेरा. त्याची अळी स्वतःच पांढऱ्या मेणाच्या झुलपांनीं झांकलेली असल्यामुळें लोक तिला मोठा ढेकूण समजून मारतात. खूण एवढीच कीं, ढेकूण बहुधा स्वस्थ बसलेला असतो, आणि ही अळी त्यांच्यामधून चपळाईनें हिंडून त्यांस खात असते.

ठेवावी कीं काढावी?

वरील विवेचनावरून निर्णय असा निघतो. गांवठाणांतील घरीं, जेथें रोज कोणाचा ना कोणाचा हात झाडास लागतो, तेथें जास्वंद निःशंक ठेवावी. शेतांतच घर असून कपाशीची पहिली ओळ कुंपणापासून दहा-वीस पावलांवर असेल, तर एखाददुसरें झाड दाराशीं, नजरेसमोर ठेवावें. पण बांधानें जास्वंदीची लांबच लांब ओळ लावूं नये, कारण तेवढी तपासणी कोणाच्यानें होत नाहीं. आणि जें झाड वर्षभर कोणी पाहणार नाहीं, जसें बंद घराच्या आवारांतील किंवा ओसाड बंगल्यांतील, तें काढून टाकणेंच शेजाऱ्यांच्या हिताचें आहे.

जास्वंदीऐवजीं कण्हेर लावावी असें कांहीं सुचवितात. कण्हेरीस पाणी थोडें लागतें, शेळी तिला तोंड लावीत नाहीं, आणि ती कपाशीच्या कुळांतील नाहीं. हें सर्व खरें. पण शेळी तोंड लावीत नाहीं तें ती विषारी म्हणून. तांबडी कण्हेर व पिवळी कण्हेर दोन्हीही विषारी आहेत, आणि पानें वाळलीं तरी विष जात नाहीं. छाटलेल्या कण्हेरीचीं मूठभर पानें कडब्यांत मिसळून गेलीं तर गोठ्यांतील बैल हातचा जातो. ज्याच्या आवारांत जनावरें बांधलेलीं असतात, त्यानें कण्हेर लावूं नये. लावलेली असल्यास तिची छाट ताबडतोब उचलून खोल पुरावी. तिचा धूरही बाधक असल्यामुळें ती चुलींत घालूं नये. जास्वंदीचें तसें नाहीं. तिचा पाला शेळ्या आवडीनें खातात, आणि म्हणूनच पहिलीं दोन वर्षें तिला बाभळीच्या कांट्यांचें कुंपण करावें लागतें, एवढाच तिचा त्रास.

हिंगणघाटचा कापूस एके काळीं मुंबईच्या व विलायतेच्या बाजारांत आपल्या नांवानें ओळखला जाई. आजही आपल्या जिल्ह्यांतील पुष्कळ घरांचा वर्षाचा हिशेब कपाशीवरच बसतो. त्या पिकास धोका होईल असें कांहीं दाराशीं ठेवावें असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु धोका झाडांत नसून न पाहण्यांत आहे. मृगापूर्वीं बांधावरचें गाजर गवत व पेटारी उपटणें, गंजी संपविणें, जूनच्या पहिल्या आठवड्यांत जास्वंद छाटून छाट जाळणें, आणि रोज सकाळीं फुलें तोडतांना पानाची खालची बाजू उलटून पाहणें, एवढें ज्याच्या घरीं होतें त्याच्या गणपतीसही फूल मिळेल आणि कपाशीसही अपाय होणार नाहीं.